मस्ती नडली म्हणे

माझ्या आत्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली, त्यानंतर काही वर्षं ती आमच्याकडे राहायला होती. आम्ही भावंडं दंगा करायला लागलो की बाबा तिच्या हाताकडे बघून म्हणायचे, "मस्ती नडते ती अशी." आत्या समोरच बसलेली असायची. ती हात मांडीखाली सरकवायची आणि खिडकीबाहेर बघत राहायची. तिचा चेहरा इतका शांत असायचा की आम्हाला वाटायचं, तिलाही ते पटलंय. प्रत्यक्षात ती त्या वेळी सूड कसा घ्यायचा याचा विचार करत असायची. हे तिनेच मला पुढे सांगितलं, आणि सांगताना तिला जराही ओशाळल्यासारखं झालं नाही.

त्याआधी ती एका धुलाई कारखान्यात होती. हॉस्पिटलांच्या चादरी, हॉटेलांचे टॉवेल, वसतिगृहांचे अभ्रे, सगळं तिथे यायचं. लांबलचक खोली, भिंतींना वाफेचा घाम सुटलेला, डोळ्यांत जाणारा ब्लीचचा वास, आणि यंत्रांची अशी घरघर की शेजारणीशी बोलायचं तर तिच्या कानात तोंड घालावं लागे. त्या घरघरीच्या वर फक्त आत्याचं हसणं ऐकू जायचं. बायकांनी तिचं नाव 'खुळखुळा' पाडलं होतं. लग्नानंतर लवकरच नवरा गेलेला, मूल नाही, एका खोलीत एकटी राहायची. रडत बसायचं म्हटलं असतं तर कारणांना तोटा नव्हता. पण तिच्या अंगातच मस्ती होती. चादरीची टोकं धरून दोघींनी जवळ यायचं, घडी घालायची, पुन्हा लांब जायचं, हे दिवसभराचं काम. आत्या त्यात मध्येच एक गिरकी घ्यायची आणि जोडीदारणीला चादरीत गुंडाळून टाकायची. ती बिचारी आतून ओरडायची, बाहेर सगळ्या पोट धरून हसायच्या, आणि घड्या मात्र इतरांच्या आधी झालेल्या असायच्या.

मस्ती हा आपल्याकडचा मोठा फसवा शब्द आहे. आजी नातवाला म्हणते, "किती मस्ती करतोस रे," तेव्हा तिला त्याचा पापा घ्यायचा असतो. मित्र जमले की मस्ती चालते. पण तोच शब्द वरच्या माणसाने खालच्या माणसाबद्दल वापरला की त्याला दात फुटतात. मग मस्ती येते, चढते, आणि कुणीतरी ती उतरवायला किंवा जिरवायला निघतं. शब्दात काही बदललेलं नसतं. बोलणारा बदललेला असतो.

कारखान्याचा मुकादम तो शब्द दुसऱ्याच अर्थाने वापरायचा. मान पुढे काढून चालायचा, कुठेतरी काही करपतंय आणि ते आपल्यालाच शोधायचंय अशा थाटात. बोलण्याआधी दोनदा घसा खाकरायचा आणि मग म्हणायचा, "हात चालवा, तोंड नको." आत्या त्याची हुबेहूब नक्कल करायची. एकदा ती टॉवेलांच्या ढिगावर उभी राहून खाकरत होती आणि बायका हसायच्या अचानक थांबल्या. मुकादम मागेच उभा होता. तो चिडला नाही. हळू आवाजात म्हणाला, "मस्ती बरीच आलीय. जिरवू."

दुसऱ्या दिवसापासून त्याने तिला घड्यांवरून काढलं आणि इस्त्रीच्या रुळांवर एकटीला लावलं. तापलेले दोन मोठे रूळ फिरत असायचे, त्यांच्यात ओली चादर सरळ धरून सोडायची. रुळांच्या पुढे एक आडवा दांडा असतो. हात फार पुढे गेला आणि दांड्याला लागला की यंत्र जागच्या जागी थांबतं. पण जाड चादर चुरगळून दांड्याला लागली तरीही ते थांबायचं, आणि काम खोळंबायचं. म्हणून मुकादमाने तो दांडा तारेने मागे बांधून टाकला होता. सगळ्यांना माहीत होतं. आत्याने सांगून पाहिलं, "मुकादम, तेवढी तार सोडा." तो म्हणाला, "नीट काम केलं तर दांड्याची गरज पडत नाही."

मग एके दिवशी चादरीची शिवण बोटाला अडकली आणि चादरीबरोबर हात आत गेला.

आत्या हॉस्पिटलमध्ये होती, त्याच संध्याकाळी तार निघाली आणि दांडा जागेवर आला. तपासनीस आला तेव्हा मुकादमाने दांडा दाबून यंत्र थांबवून दाखवलं. खाकरून म्हणाला, "यंत्र ठीक आहे. बाई मस्ती करत होती. नकला करायची सवय आहे तिला, कुणालाही विचारा." बायकांना विचारलं. नकला करायची का? हो, करायची. हे तर खरंच होतं. तारेबद्दल त्यांना कुणी विचारलं नाही, आणि आपण होऊन कुणी बोललं नाही. चादरीत गुंडाळली जाणारी जोडीदारीणसुद्धा खाली बघत उभी राहिली.

झालं, शिक्का बसला. डॉक्टर, शेजारी, नातेवाईक, सगळ्यांना एकच गोष्ट कळली. मस्ती नडली म्हणे. माझे बाबा तिचे सख्खे थोरले भाऊ, तिच्यावर जीव टाकणारे, पण त्यांनीही तेच धरून ठेवलं. आत्याने त्यांना एकदाच सांगितलं होतं, "दादा, दांडा बांधलेला होता." बाबा म्हणाले, "असेल. पण तूही जरा मस्ती कमी करायला हवी होतीस." त्यानंतर ती घरात कुणालाच काही सांगायच्या भानगडीत पडली नाही.

तिचं हसणं गेलं. ते दुःखाने गेलं असं आम्हाला वाटायचं. ती म्हणते, दुःख दोनेक महिन्यांत संपलं, पुढे नुसता राग होता, आणि रागात माणसाला हसायला सवड नसते.

यथावकाश तिला बसस्थानकावर काम मिळालं. काचेच्या खोलीत बसून गाड्यांच्या सूचना द्यायच्या. तिथे हात कुणाला दिसत नाही, आवाज तेवढा ऐकू येतो. अमुक गाडी तमुक फलाटावर लागली आहे, प्रवाशांनी सामान सांभाळावं. ती हे सगळं इतक्या कोरड्या सुरात सांगायची की लोकांना वाटे, टेपच वाजतेय. सुट्टीच्या दिवशी ती फिरायला जाते म्हणून बाहेर पडायची आणि मुकादमाच्या गल्लीतून चक्कर मारून यायची. तो आता निवृत्त झाला होता. जुन्या तीनमजली इमारतीत मधल्या मजल्यावर बायकोबरोबर राहायचा. लाकडी जिना, लाकडी जमिनी. दुपारी खुर्ची टाकून खिडकीत बसायचा, आणि खाली मुलं खेळायला लागली की वरून खाकरायचा. मुलं पांगायची.

एका सुट्टीला तिला दारावर पाटी दिसली. वरच्या मजल्यावरची खोली भाड्याने देणे आहे. छपराखालची खोली, उन्हाने तापायची, म्हणून कुणी टिकत नव्हतं. आत्याने त्याच दिवशी घरमालकाला गाठलं. बाबा वैतागले. "अगं, सगळं गाव सोडून त्या माणसाच्या डोक्यावर कशाला राहायला जातेस?"

"डोक्यावरच राहायचंय मला," आत्या म्हणाली.

तिचा बेत साधा होता. ज्या मस्तीपायी हात गेला असं हा माणूस जगाला सांगत फिरला, ती मस्ती आता त्याने दिवसभर ऐकायची. रात्री नाही. रात्री केलं तर तक्रार करता येते. दिवसाढवळ्या कुणी आपल्या घरात हसलं तर त्याला काय म्हणणार?

पहिल्या दिवशी सामान लावून झाल्यावर ती खोलीच्या मधोमध उभी राहिली आणि हसायला गेली. हसू येईना. नळाला पाणी नसताना जसा नुसता फुसफुस आवाज येतो तसं काहीतरी घशातून आलं. तिला स्वतःचीच चीड आली. मग तिने जड टाचांचे बूट घातले आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत चालत राहिली. हसण्याचा तिने सराव केला, अगदी गवई सकाळी गळा साफ करतो तसा. आरशासमोर उभी राहायची, जुन्या नकला आठवायची. मनात हसण्यासारखं काही नव्हतं, खालचा माणूस ऐकतोय एवढंच होतं. तेवढ्यावर तिने ते हसणं उभं केलं.

मग तिने इमारतीतली मुलं गोळा केली. खाली त्यांना खेळू देत नाहीत ना, मग वर या. दोरीच्या उड्या मारा, पळा, खुर्च्या पाडा. "मस्ती करा रे, पाहिजे तेवढी," असं सांगणारं मोठं माणूस त्या पोरांना जन्मात भेटलं नव्हतं. पोरं रोज शाळा सुटली की धावत वर यायची. खालून काठीने छत ठोकल्याचा आवाज आला की आत्या त्या तालावर टाळ्या वाजवायला लावायची.

शेवटी मुकादम स्वतः जिना चढून आला. दार आत्यानेच उघडलं. त्याने आधी तिच्या तोंडाकडे बघितलं, मग हाताकडे.

"तू होय," तो म्हणाला.

"मीच. खुळखुळा."

"काय पाहिजे तुला?"

"एक वाक्य. दांडा तुम्ही बांधला होता. कारखान्याच्या फाटकासमोर, पाळी सुटताना, सगळ्यांच्या देखत म्हणायचं."

त्याने दोनदा घसा खाकरला. "अजून मस्ती जिरलेली दिसत नाही," असं म्हणून तो कठड्याला धरून खाली उतरला. घरमालकाकडे गेला. घरमालक म्हणाला, "दिवसा माणसं हसणारच हो. तुम्हीही हसा."

दुसऱ्यांदा त्याने बायकोला पाठवलं. ही बाई आत्याने आतापर्यंत फक्त जिन्यात पाहिली होती. किरकोळ अंगाची, आणि शेजारच्या खोलीत कुणी झोपलेलं असावं अशा आवाजात बोलणारी. दारातच उभी राहून म्हणाली, "ते म्हणतात, आवाज कमी करा."

"त्यांना सांगा, वहिनी, जमणार नाही."

"सांगते." पण ती हलली नाही. जरा वेळाने म्हणाली, "मघाशी तुम्ही पोरांना त्या बसमध्ये विसरलेल्या बोकडाची गोष्ट सांगत होतात. कंडक्टरने त्याला तिकीट मागितलं, तिथपर्यंत ऐकू आलं. पुढे काय झालं? खालून शेवट कळत नाही हो. रोजच असं होतं. तुम्ही सगळे हसता आणि मी आपली स्वयंपाकघरात उभी."

आत्याने तिला आत घेतलं आणि शेवट सांगितला. बोकडाने तिकीट खाल्लं होतं, आणि मागून कंडक्टरची पिशवीही. वहिनी आधी तोंडावर हात ठेवून हसली, मग हात निघाला. उचकी लागल्यासारखं तिचं हसणं थांबेचना. खालून काठीचे ठोके आले तशी ती दचकली, आणि आणखी हसली.

आत्या मला म्हणाली, "ती हसत होती ना, तेव्हा मला दया वगैरे काही आली नाही बरं का. मला एवढंच दिसलं की त्याचं सगळ्यात जवळचं माणूस माझ्या हातात आलंय."

तेव्हापासून वहिनी रोज वर यायला लागली. आधी निरोपाचं निमित्त काढून, मग निमित्ताशिवाय. लग्न होऊन आली तेव्हा ती गायची म्हणे, घरात नाचत नाचत केर काढायची. नवऱ्याने पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं, या घरात मस्ती चालणार नाही. तिने मान डोलावली होती, आणि मग उभं आयुष्य ती हळू बोलत राहिली. आत्याने तिला विचारलं, "वहिनी, ते खाकरतात कसं, करून दाखवा की." आत्याला वाटलं होतं, बाई घाबरेल. वहिनीने मान पुढे काढली, दोनदा खाकरली आणि म्हणाली, "भाजीत मीठ आहे, की मिठात भाजी?" आत्या थक्क झाली. तिची स्वतःची नक्कल यापुढे शाळकरी होती. जेवताना, रागावताना, चष्मा शोधताना, सर्दी झालेली असताना, वहिनीकडे हरतऱ्हेचा मुकादम होता.

खालच्या खोलीत एकटा बसलेला तो माणूस आता छतातून स्वतःलाच ऐकत होता. त्याने छत ठोकणं सोडून दिलं. वहिनी सांगायची, ते जेवत नाहीत नीट, खिडकीत बसत नाहीत. सांगताना तिचा स्वर जरा कातर व्हायचा. आत्या ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "ते चष्मा शोधतानाचं पुन्हा करा." आत्याचा जीव त्या दिवसांत सुपाएवढा झाला होता. तिला भूक लागत होती, झोप लागत होती.

एका रविवारी बाबा तिला भेटायला वर गेले, मीही बरोबर होते. वहिनी बसलेली होती. बोलता बोलता बाबांच्या तोंडून सवयीने गेलं, "काय करणार, हिला मस्ती नडली."

वहिनी त्यांच्याकडे बघत राहिली. मग नेहमीच्या हळू आवाजात म्हणाली, "तार सोडवताना यांच्या तळहाताला चिरा पडल्या होत्या. घरी आले आणि मला म्हणाले, आयोडीन आण. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, त्या बाईचा हात गेला, दांडा सोडवून आलो. मीच पट्टी बांधली."

बाबांनी पाण्याचा पेला उचलला, परत ठेवला. "मला वाटलं..." ते म्हणाले आणि थांबले.

"तुला काय वाटलं ते मी इतकी वर्षं ऐकलंय, दादा," आत्या म्हणाली. "यापुढे तो शब्द माझ्याबद्दल काढायचा नाहीस. पोरांना म्हण, कुत्र्याला म्हण. मला नाही."

बाबांनी मान हलवली. त्यांनी दुसऱ्या दिवशी एकट्याने जाऊन मुकादमाचं दार वाजवलं. तिथे काय बोलणं झालं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. एवढं खरं की त्याच आठवड्यात वहिनी वर आली आणि म्हणाली, "ते फाटकावर यायला तयार आहेत."

पाळी सुटण्याच्या वेळी आम्ही गेलो. बायका ओल्या हातांनी, लाल चेहऱ्यांनी बाहेर पडत होत्या. जुन्या बऱ्याच होत्या, आत्याची जोडीदारीणही होती. मुकादम काठी टेकत आला आणि फाटकाशी उभा राहिला. त्याला बघून बायका आपोआप थांबल्या, जुनी सवय. तो खाकरला. एकदाच.

"त्या रुळाचा दांडा मी तारेने बांधला होता," तो म्हणाला. "तपासनीस यायच्या आधी मीच सोडवला. हिची चूक नव्हती. मस्ती नव्हती."

"होती," आत्या म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं.

"मस्ती होती. भरपूर होती. हात मस्तीने गेला नाही, तुमच्या तारेने गेला. नीट म्हणा."

त्याने काठीवरचा हात बदलला. मग तो म्हणाला, "हात माझ्या तारेने गेला."

जोडीदारीण रडत पुढे आली आणि आत्याचा हात धरायला लागली. आत्याने तो मागे घेतला. "त्या दिवशी खाली बघत होतीस ना, आजही तिकडेच बघ," असं तिला म्हणाली आणि चालायला लागली. मला ते फार कठोर वाटलं. मी तसं म्हटल्यावर ती म्हणाली, "वाटू दे."

मुकादमाची समजूत होती की आता सगळं मिटलं. संध्याकाळी वर पुन्हा दोरीच्या उड्या सुरू झाल्या, हसणं सुरू झालं, तेव्हा तो जिन्यात येऊन उभा राहिला. "बोललो ना मी," तो म्हणाला.

"बोललात. उपकार केले नाहीत."

"मग आता हे कशासाठी?"

आत्याने मागे वळून बघितलं. पोरं खुर्च्यांवरून उड्या मारत होती, वहिनी एका चिमुरडीच्या वेण्या सोडून तिला वेगळंच काहीतरी घालून देत होती. मघाशी आपण हसलो तेव्हा खालच्या माणसाची आठवणही झाली नव्हती, हे आत्याच्या लक्षात आलं. तो सराव केव्हा सुटला आणि खरं हसणं केव्हा लागलं, ते तिचं तिलाच कळलं नव्हतं.

"तुमच्यासाठी होतं तोवर बंद करता आलं असतं," ती म्हणाली. "आता नाही येणार." आणि दार लावलं.

महिन्याभरात तो दुसऱ्या गावी मुलाकडे राहायला गेला. बायकोचीही बॅग त्याने भरून ठेवली होती. ती म्हणाली, तुम्ही पुढे व्हा. त्याने दोनतीनदा निरोप पाठवले, मग पाठवले नाहीत. मुलाच्या घरी लहान खोल्या आणि दांडगी नातवंडं होती, हे ऐकून आत्याला झालेला आनंद तिने कुणापासून लपवला नाही.

तो वारला तेव्हा मुलगा आईला न्यायला आला. जिन्यात त्याने आत्याला विचारलं, "तुम्ही येताय का?" आत्या नाही म्हणाली. तो म्हणाला, "बाबा शेवटी शेवटी फार गप्प झाले होते. तुम्ही त्यांना माफ केलंत, असं त्यांना सांगायला हवं होतं कुणीतरी."

"खोटं कशाला सांगायचं?" आत्या म्हणाली, आणि दुपारच्या पाळीला बसस्थानकावर निघून गेली.

वहिनी आठवड्याने परत आली. संध्याकाळी वर येऊन बसली आणि खूप रडली. तिचा नवरा होता तो. आत्याने चहा केला, तिच्या पाठीवरून डावा हात फिरवत राहिली, पण मेलेल्या माणसाबद्दल चांगला शब्द तिच्या तोंडून निघाला नाही. वहिनीनेही तो मागितला नाही. चहा संपल्यावर दोघींनी मिळून वहिनीच्या घराच्या खिडक्या उघडल्या, त्याची खुर्ची उचलून वर आणली आणि दोन दिवसांनी त्या खुर्चीचा एक पाय पोरांनी मोडला.